परसबागेतील दीर्घायुषी झाडे आणि त्यांची विश्रांती

दरसाल जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारे पुष्पप्रदर्शन पाहून परतणाऱ्या मंडळींच्या हातांतील कुंड्यांकडे ज्याने कधी लक्षपूर्वक पाहिले असेल, त्याला आपल्याकडील घरगुती बागेची सद्यःस्थिती समजण्यास वेगळ्या चौकशीची गरज पडणार नाही. पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी अशी नाना रंगांची हंगामी रोपे मोठ्या हौसेने घरी येतात, फाल्गुनापर्यंत अंगण शोभिवंत करतात आणि चैत्राचे ऊन तापू लागताच करपून जातात. मग त्या कुंड्या रिकाम्या होऊन जिन्याखाली रचल्या जातात आणि पुढील थंडीपर्यंत बागेचा विषय घरात निघत नाही. ह्या हौसेला मी नावे ठेवीत नाही. परंतु ज्या घरात वैशाखात मोगरा, श्रावणात जाई, आश्विनात पारिजातक आणि मार्गशीर्षात शेवंती एकाच अंगणातून, त्याच त्याच झाडांवरून, वर्षानुवर्षे परडीत येत असे, त्या घरातील पुढच्या पिढीला बाग म्हणजे दोन महिन्यांची आरास वाटू लागावी, ह्याचे दुःख झाल्यावाचून राहत नाही. सबब, बहुवर्षायू फुलझाडांची लागवड आणि निगा ह्यांविषयी जुन्या माळ्यांचा अनुभव, शास्त्राचे निष्कर्ष आणि घरोघरची वहिवाट ह्यांत मेळ कुठे आहे आणि विरोध कुठे, ह्याचा एकदा सावकाशीने आढावा घ्यावा असे मी योजिले आहे.

वनस्पतिशास्त्र आयुर्मानावरून झाडांचे एकवर्षायू, द्विवर्षायू आणि बहुवर्षायू असे तीन वर्ग करते. एकवर्षायू झाड बी धरून मरते. द्विवर्षायू पहिल्या वर्षी पाने व मूळ पोसून दुसऱ्या वर्षी फुलते आणि संपते. बहुवर्षायू मात्र फुलून, बी धरून, पुन्हा जगत राहते. व्याख्या सोपी आहे. परंतु तिच्या आधारे लिहिलेली इंग्रजी बागकामाची पुस्तके आपल्याकडे जशीच्या तशी प्रमाण मानली गेल्यामुळे बराच घोटाळा माजला. इंग्लंडातील बागवान बहुवर्षायू म्हणतो तेव्हा त्याच्या मनासमोर प्राधान्याने असे मऊ खोडाचे झाड असते, की ज्याचा जमिनीवरील भाग हिवाळ्याच्या कडाक्याने मरतो आणि ज्याची मुळे गारठलेल्या मातीत निजून राहून वसंतात पुन्हा कोंब वर काढतात. आपल्या अंगणात तो कडाका नाही. येथे झुडपे आहेत, वेली आहेत, कंद आहेत, मुनव्यांनी पसरणारी रोपे आहेत, आणि ह्या प्रत्येकाची निद्रा निराळ्या कारणाने व निराळ्या महिन्यात येते: मोगरा थंडीत मंदावतो, कळलावी दिवाळीच्या सुमारास जमिनीखाली जाते ती सहा-सात महिने दिसत नाही, शेवंती फुलून गेली म्हणजे खोडाने वाळते आणि बुंध्याशी जिवंत राहते, आणि जास्वंदीसारखे एखादे झाड बारमाही जागे असते. माझ्या मते ह्या विषयाचे मर्म ह्या विश्रांतीत आहे. खत, पाणी, छाटणी ही सारी कामे झाडाच्या निजण्या-उठण्याच्या वेळा ओळखून करावयाची असतात. आणि आपण जी झाडे गमावतो, त्यांतील पुष्कळशी उपेक्षेपेक्षा अवेळी केलेल्या शुश्रूषेनेच मेलेली असतात, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

परसातील ह्या कायम रहिवाशांची खानेसुमारी केली तर मोठी मनोरंजक हकीकत हाती लागते. जाई, जुई, कुंद, मोगरा, पारिजातक, तगर, कोरांटी, कळलावी ही मंडळी ह्या देशात पूर्वापार नांदणारी. पारिजातकाची पहाटे गळून पडणारी फुले पाहून गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याचा उल्लेख ‘दुःखी वृक्ष’ असा केला, आणि लिनेअसने १७५३ मध्ये त्याचे शास्त्रीय नाव मुक्रर करताना तोच भाव त्या नावात कायम ठेवला. अनंत आणि शेवंती चीनकडून आलेली, निशिगंध आणि डेलिया मेक्सिकोची, कर्दळ व गुलबक्षी अमेरिका खंडातली, बोगनवेल ब्राझीलची, आणि जिला आपण देवाला वाहतो ती सदाफुली मादागास्कर बेटाची. अलीकडे देशी झाडे लावावीत, परदेशी लावू नयेत, असा आग्रह पुष्कळ ऐकू येतो. रानावनात तो सर्वस्वी योग्य आहे. घराच्या अंगणापुरता मात्र मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो: झाडाच्या मूळ देशी पाऊस केव्हा पडतो आणि कोरडा काळ कोणता? निशिगंध इतक्या दुरून येऊन आपल्या देवघरात आणि लग्नमंडपात स्थिरावला, कारण मेक्सिकोच्या पठारावरही पाऊस उन्हाळ्यानंतर येतो आणि थंडी कोरडी जाते. त्याच्या कंदाला आपले ऋतू अपरिचित वाटले नाहीत. उलट आपला सोनटक्का परदेशी जाऊन क्यूबाचे राष्ट्रीय पुष्प झाला, आणि हवाई बेटांवर इतका माजला की तेथील रानाला त्याचा उपद्रव होऊ लागला. जेथे ऋतू जुळले तेथे झाड रुजले.

कालिदासाच्या मेघदूतातील अलकानगरीत सहाही ऋतूंची फुले स्त्रियांच्या अंगावर एकाच वेळी शोभतात; मर्त्य अंगणात ती एकामागून एक येतात, आणि झाडांची निवड करताना हाच क्रम ध्यानी धरावा. चैत्र-वैशाखात मोगरा, ज्येष्ठाच्या तोंडी अनंत, आणि त्याच सुमारास पानांचा मागमूस नसताना मातीतून थेट फूल वर काढणारा भुईचाफा, आषाढ-श्रावणात जाई, जुई आणि सोनटक्का, भाद्रपद-आश्विनात कळलावी व पारिजातक, कार्तिकापासून शेवंती व गुलाब, शिशिरात कुंद. ह्यांतील आठ-दहा झाडांना दोन खोल्यांएवढे परसही पुरते. एकाच ऋतूतील दहा झाडे लावून उरलेले दहा महिने बोडक्या फांद्यांकडे पाहत बसण्यापेक्षा, दर दोन महिन्यांस एक झाड फुलत राहील अशी तजवीज करावी, हे जुन्या घरातील गृहिणींना कोणी शिकवावे लागत नव्हते. व्रतवैकल्यांचे पंचांगच त्यांच्याकडून ती करवून घेत असे.

आता जमिनीकडे वळू. महाराष्ट्राच्या देशावरील काळी माती आणि कोकण-गोव्यातील जांभ्याची तांबडी माती ह्यांचे स्वभाव इतके विरुद्ध आहेत, की एकीसाठी लिहिलेला सल्ला दुसरीत अपायकारक ठरावा. काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली. ती पाणी धरून ठेवते, भिजली म्हणजे फुगते, वाळली म्हणजे भेगाळते आणि भेगाळताना कोवळी मुळे तोडते. शिवाय तिच्यात चुनखडीचा अंश बहुधा असतोच. जांभ्याची माती आम्लधर्मी. तिच्यातून पाणी झपाट्याने निथळते आणि पाण्याबरोबर अन्नांशही वाहून जातो. पुण्यास वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरीस ३००० मिलिमीटरहून अधिक, हे ध्यानात घेतले म्हणजे कोकणात पावसाळ्यापूर्वी दिलेल्या खतातील किती भाग झाडाला मिळत असेल ह्याचा अदमास करता येतो. तेथे मुख्य खत पावसाचा जोर ओसरल्यावर द्यावे, आणि तेही थोडे थोडे, दोन-तीन वेळा. देशावर चिंता निराळी. कोकणातील आजोळी हिरवागार दिसणारा अनंत पुण्यास आणून लावला म्हणजे दुसऱ्या वर्षी त्याची पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी ह्या विकाराला केवडा म्हणतात. मातीत लोह नसते असे नाही. परंतु चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर फवारल्यास तात्पुरता गुण येतो. कायमचा उपाय म्हणजे दरसाल भरपूर कुजलेला पालापाचोळा घालून मातीचा स्वभाव हळूहळू पालटणे, अथवा अनंत मोठ्या कुंडीत लावणे.

लागवडीची जुनी रीत सर्वत्र परिचित आहे. वैशाखात दीड-दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणावा, तो उन्हाने तापू द्यावा, आणि पोयटा, कुजलेले शेणखत व मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड ह्यांनी भरून ठेवावा. ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, त्यानंतर दोन-तीन चांगले पाऊस झाले म्हणजे सायंकाळी रोप लावावे. मुरमाड व जांभ्याच्या जमिनीत ही रीत आजही उत्तम. काळ्या जमिनीत मात्र तिच्याविषयी मतभेद आहे, आणि मी विरोधकांच्या बाजूचा आहे. चिकण काळ्या मातीत खणलेला आणि भुसभुशीत खतमातीने भरलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखे काम करतो. सभोवारचे पाणी त्यात उतरते, बाहेर पडण्यास वाट नसते, आणि ज्याच्या सोयीसाठी खड्डा केला त्याचीच मुळे त्यात कुजतात. अशा जागी खणलेल्या मातीतच खत व थोडी जाड वाळू मिसळून वीतभर उंचवटा करावा आणि रोप त्यावर लावावे. बुंधा पूर्वी जेवढा मातीत होता तेवढाच राहावा. खोडाभोवती माती चढवून झाड घट्ट बसविण्याच्या हौसेने पुष्कळ रोपांची साल कुजते.

ह्याहून एक साधी गोष्ट, जिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, ती मला आवर्जून सांगावयाची आहे. रोपवाटिकेतून मिळणारी रोपे पुष्कळदा चिकट तांबड्या मातीच्या गोळ्यात असतात. पिशवी फाडून तो गोळा तसाच काळ्या मातीत बसवला तर दोन मातींची जात निराळी असल्याने पाणी एकीतून दुसरीत सहज जात नाही. काळी माती ओली दिसते, आणि आतला गोळा विटेसारखा कोरडा असतो. दोन वर्षे जगून तिसऱ्या उन्हाळ्यात अकस्मात मेलेला एक गुलाब मी उकरून पाहिला, तेव्हा त्याचे एकही मूळ त्या गोळ्याबाहेर गेलेले नव्हते. दोन वर्षे ते झाड तांबड्या मातीच्या मुठीएवढ्या कोठडीत राहिले होते. तेव्हापासून कोणतेही रोप लावण्यापूर्वी मी त्याचा गोळा बादलीभर पाण्यात तासभर भिजवतो, बाहेरची माती बोटांनी हलके हलके सोडवतो, गोल फिरलेली मुळे मोकळी करतो आणि मगच लावतो. जाणते लोक मुळांना हात लावू नये म्हणतात. तो नियम नाजूक रोपांपुरता खरा आहे, परंतु गोळा न फोडण्याने होणारी हानी माझ्या अनुभवात कितीतरी अधिक आहे.

पाण्याविषयी शेतकऱ्याच्या भाषेत दोन शब्द असे आहेत, की ते ज्याला उमगले त्याची अर्धी बाग राखली गेली म्हणून समजावे: वाफसा आणि ताण. वाफसा म्हणजे माती न चिखल न धूळ अशी अवस्था, जिच्यात ओल असते आणि हवाही खेळते. पाणी दिल्यावर माती वाफशावर येऊन थोडी पुढे सुकेपर्यंत पुन्हा पाणी देऊ नये, एवढा एक नियम पाळला तर रोज सकाळी झारी घेऊन फिरण्याच्या प्रेमळ परंतु घातक सवयीपासून झाडांची सुटका होईल. ताण ही त्याहून सूक्ष्म विद्या आहे. संत्रा, मोसंबी, डाळिंब ह्यांच्या बागायतदारांस मृग बहर, हस्त बहर, आंबे बहर हे शब्द तोंडपाठ असतात. झाडाचे पाणी काही आठवडे तोडावयाचे, त्याची वाढ थांबू द्यावयाची, पाने पिवळी होऊन काही गळू द्यावयाची, आणि मग खत-पाणी देताच साठवलेल्या अन्नाच्या बळावर झाड एकदम फुलते, हे त्यांच्या व्यवसायाचे सूत्रच आहे. मोगऱ्याचा हिशेब हाच. मार्गशीर्षापासून त्याचे पाणी कमी करीत आणावे. पौषात अथवा जानेवारीच्या आरंभी जुनी, वाळकी व दाटीची फांदी काढून उरलेल्या फांद्या तृतीयांश ते निम्म्याने छाटाव्यात. बुंध्याभोवतीची माती हलकेच मोकळी करून, शेणखत घालून पाणी सुरू करावे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते, म्हणून जितकी नवी फूट जोमदार तितका बहर दाट; आणि पहिला बहर ओसरल्यावर प्रत्येक फांदीचे दोन पेरे खुडले तर दुसरा बहर लवकर येतो. पालघरकडील मोगऱ्याचे बागायतदार जिच्या आधारावर पोट भरतात ती ही छाटणी करण्यास घरातील माणसांचा हात धजत नाही; हिरवे झाड कापणे त्यांना पाप वाटते, आणि मग झाड पानांनी माजते, कळ्या विरळ होतात, आणि दोष मातीवर किंवा दृष्ट लागण्यावर जातो.

परंतु छाटणीचा एकच काळ सर्वांना लावणे हीही तितकीच मोठी चूक होय. जाई-जुई पौष-माघात छाटाव्या म्हणजे पावसाळ्यात मांडव भरतो. गुलाब देशावर हस्ताच्या सरी संपल्यावर, ऑक्टोबरच्या पूर्वार्धात छाटला म्हणजे सहा-सात आठवड्यांनी, थंडीच्या ऐन रंगात फुलतो. त्याच्या बुंध्यातून, डोळा भरलेल्या जागेच्या खालून, जी जोमदार रानटी फूट येते ती मात्र बारा महिने दिसेल तेव्हा मुळाशी काढावी, नाहीतर खुंट जगतो आणि कलम मरते. गुलाबाच्या मुळ्या आठवडाभर उघड्या टाकण्याची जुनी चाल हलक्या जमिनीत मला निष्कारण क्रूर वाटते. भारी जमिनीत तिने फारसे बिघडत नाही, इतकेच. अनंताचे सर्वांहून निराळे: त्याच्या कळ्या आधीच्या वाढीवर धरतात, म्हणून बहर आटोपल्याबरोबर छाटला तर ठीक, आणि मोगऱ्याच्या देखादेखी जानेवारीत छाटला तर त्या वर्षाच्या फुलांवर पाणी सोडावे लागते. जास्वंदीला पावसाळ्यानंतर हलका हात पुरतो.

शेवंतीविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरत नाही, कारण बहुवर्षायू असूनही एकवर्षायू समजून जिचा सर्वाधिक नाश होतो अशी ही फुलझाडांतील मानिनी आहे. मार्गशीर्षातील गुरुवारांच्या निमित्ताने फुललेल्या कुंड्या विकत घेतल्या जातात, फुले सुकली की कुंडीसह झाड उकिरड्यावर जाते. वास्तविक फुले संपल्यावर खोड चार-सहा बोटे ठेवून कापले आणि उन्हाळाभर अर्ध्या सावलीत बेताचे पाणी देऊन बुंधा जगवला, तर त्याच्याभोवती मुनवे उगवतात. ते जून-जुलैत सोडवून उंच वाफ्यावर लावावे, कारण पावसाचे साचलेले पाणी शेवंतीला एक आठवडाही सोसत नाही. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, फुटलेल्या फांद्यांचे शेंडे पुन्हा खुडावे, आणि ऑगस्टअखेर हे काम बंद करावे. राजा, झिपरी, रेवडी ह्या आपल्या जुन्या जाती ह्याच रीतीने पिढ्यान् पिढ्या चालत आल्या.

माझ्या कुंपणालगतच्या शेवंतीने एका वर्षी कळीच धरली नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाची, त्याच बुंध्यापासून केलेली, त्याच खतावर वाढलेली रोपे पिवळ्या फुलांनी वाकली होती, आणि ही हिरवी, उंच, निरोगी आणि वांझ. दुसऱ्या वर्षी मी माती बदलली, पेंड बदलली, पाणी कमी केले, फळ तेच. शेवटी एका रात्री ओसरीवर बसलो असता कुंपणाबाहेर रस्त्यावर लागलेल्या नव्या दिव्याचा प्रकाश नेमका त्याच वाफ्यावर पडतो, हे लक्षात आले. गार्नर आणि अ‍ॅलार्ड ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून सिद्ध केले होते, की काही झाडांचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. शेवंती त्यांपैकी आहे. दिवस आखूड व रात्र दीर्घ झाल्याची जाणीव तिच्या पानांना झाली म्हणजेच ती कळी धरते, आणि अखंड अंधार मध्येच उजेडाने मोडला तर तिच्या लेखी हिवाळा आलेलाच नसतो. फुलांचा व्यापार करणारे परदेशी बागायतदार हव्या त्या दिवसापर्यंत बहर लांबवण्यासाठी मुद्दाम रात्री दिवे लावतात. मी वाफा घराच्या मागच्या बाजूस हलवला, आणि त्या वर्षी तिने दिवाळीनंतर पंधरवड्यात कळ्या दाखवल्या. विश्रांती म्हणजे केवळ पाणी तोडणे नव्हे, झाडाला रात्रही पुरी मिळाली पाहिजे, हे मला तेव्हा कळले. आणि जेथे गच्चीवर, फाटकावर, झाडांच्या फांद्यांवर रात्रभर दिवे लावण्याची नवी रीत रूढ होत आहे, तेथे ह्या गोष्टीचा विचार कोणी करीत नाही ह्याची मला खंत वाटते.

कंदवर्गीय झाडांची विश्रांती सर्वांत गाढ, म्हणून त्यांचा नाशही सर्वांत नकळत होतो. कळलावीचे संस्कृत नाव लांगली, म्हणजे नांगरी. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा दुभंगलेला असतो म्हणून. पहिल्या पावसाबरोबर तिचा कोंब वर येतो, पानांच्या टोकांनी आधार धरीत वेल चढते, भाद्रपदात लाल-पिवळ्या ज्वालेसारखी फुले येऊन ती गौरीच्या पूजेला जातात, आणि दिवाळीच्या आसपास सारे वाळून जमीन रिकामी दिसू लागते. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागी मिरची लावावी म्हणून मी एका फाल्गुनात कुदळ चालवली आणि कंदाचे टोक तोडले. ह्या कंदाचा डोळा टोकाशीच असतो. ते तुटले की तो भाग पुन्हा कोंब काढत नाही. आईने लावलेली ती वेल तेथे संपली. कळलावी लावताना कंद आडवा, तीन-चार इंच खोल ठेवावा, वेल वाळल्यावर पाणी संपूर्ण बंद करावे, आणि घरात लहान मुले असल्यास ती मुळीच लावू नये. तिच्या कंदासह सर्व भागांत तीव्र विष आहे, आणि कण्हेरीच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. निशिगंधाचे कंद उन्हाळ्यात, दोन इंच खोल आणि आठ-दहा इंचांच्या अंतराने लावतात; तीन वर्षांत त्यांची इतकी दाटी होते की दांडे बारीक पडतात, म्हणून तिसऱ्या वर्षाअखेर ते काढून, सुकवून, निवडून पुन्हा लावावे लागतात. सोनटक्का आणि कर्दळ ह्यांचे गड्डे मात्र मोरीच्या पाण्याजवळ सुखाने राहतात; नहाणीचे पाणी अळू, केळ आणि कर्दळ ह्यांच्याकडे वळवण्याची आपली जुनी व्यवस्था फार शहाणपणाची होती. धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र तिकडे सोडू नये, विशेषतः काळ्या जमिनीत. त्यातील क्षारांनी माती घट्ट व निःसत्त्व होते.

खतांविषयी फार लिहीत नाही, कारण ह्या बाबतीत मतभेद थोडा आणि आळस पुष्कळ आहे. पुरते कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत वर्षातून दोनदा घालावे. कच्चे शेण घातल्यास वळवाच्या पावसानंतर भुंगेरे त्यात अंडी घालतात आणि हुमणी मुळे कुरतडते. अंगणातील पाने जाळून टाकण्याऐवजी बुंध्याभोवती पसरावीत. उन्हाळ्यात त्यांच्याखालची माती हाताला गार लागते. जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण, गुलाबावरील भुरी, शेवंतीवरील मावा ह्यांचा बंदोबस्त निंबोळी अर्काने आणि वेळीच फांदी कापून होतो. पिठ्या ढेकणांना मुंग्या राखतात, तेव्हा मुंग्यांची वाट प्रथम बंद करावी.

ज्यांच्या वाट्याला जमीन न येता सदनिकेची गॅलरी आली आहे, त्यांनी बहुवर्षायू झाडांची आशा सोडण्याचे कारण नाही. मोगरा, अनंत, कोरांटी, सदाफुली, निशिगंध ही कुंडीत वर्षानुवर्षे जगतात. फक्त कुंडी ही पिंजऱ्यासारखी असते हे विसरू नये. दीड-दोन वर्षांत मुळे भिंतीभोवती वेटोळी घालतात आणि माती नावापुरती उरते. अशा वेळी विश्रांतीच्या काळात झाड बाहेर काढून, भोवतालच्या मुळांचा बोटभर थर धारदार सुरीने काढून, नव्या खतमातीत बसवावे. मोठ्या कुंडीत बदलण्यापेक्षा हे अधिक हितावह. नागपूर-अकोल्याकडे वैशाखात तापलेल्या कुंडीच्या भिंतीला लागलेली मुळे भाजून निघतात. तेथे कुंड्या एकमेकींना चिकटवून सावलीत ठेवाव्या अथवा एका कुंडीत दुसरी ठेवून मध्ये ओली वाळू भरावी.

ह्या झाडांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांची वाढ बियांपेक्षा अंगापासूनच अधिक होते. मोगऱ्याची फांदी वाकवून, तिच्या पेऱ्याखाली किंचित साल काढून, ती मातीत दाबून वर दगड ठेवला की पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांत मुळे फुटतात. बोगनवेलीची पक्की काडी नुसती खोचली तरी लागते. कर्दळ-सोनटक्क्याचे गड्डे विभागावेत. गुलाबाला डोळा भरावा. अशा रीतीने केलेले झाड शास्त्रतः नवे झाड नसतेच. ते त्याच झाडाचे शरीर असते. माझ्या दारातील मोगरा आजीने कोकणातल्या माहेराहून आणलेल्या दाबकलमापासून झालेला आहे. ती घरे आता उरली नाहीत, विहीर बुजली आहे. परंतु तिच्या लहानपणी ज्या झाडावरून ती फुले खुडीत असे, तेच झाड आज माझ्या अंगणात आहे, हे मी कवित्वाने म्हणत नसून वनस्पतिशास्त्राच्या आधारे म्हणतो. त्याची कलमे आजवर मी अकरा घरांत दिली आहेत.

कळलावी गमावल्यापासून मी बागेची एक वही ठेवतो. तीत कोणते झाड केव्हा लावले, केव्हा छाटले, पाणी केव्हा तोडले, पहिले फूल केव्हा आले ह्यांच्या तारखा असतात, आणि शेवटच्या पानावर अंगणाचा नकाशा काढून निजलेल्या कंदांच्या जागा दाखवल्या आहेत. प्रत्येक जागी सागाची एक खुंटी आहे. एका शेजारीणबाईंनी आपल्या वेलीचा कंद मला दिला, तो तुळशीवृंदावनाच्या उत्तरेस दोन हातांवर, तिसऱ्या खुंटीपाशी आहे. गतवर्षी त्याचा कोंब १४ जूनला वर आला होता, आणि ह्या वर्षी आर्द्रा लागून चार दिवस झाले तरी तेथे अजून काही दिसत नाही. पाऊस उशिरा आला आहे. मी खुंटी हलवलेली नाही.